वाडीची शाळा परवडत नाही म्हणजे नक्की कुणाला परवडत नाही?

जमाखर्च

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायच्या, यावर २०२३ पासून वाद चालू आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं पुढे ठेवून जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा आलेले सरकारी आकडे असे: १ ते २० पटाच्या शाळा १४,७८३, त्यांतली मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा. हे ऐकलं की कुणीही म्हणेल, नाही परवडत.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. कारखान्यात दर नगामागे काय खर्च येतो ते काढणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे "दर विद्यार्थी खर्च" हा आकडा कुणी तोंडावर फेकला की मी आधी विचारते, यात काय धरलंय आणि काय सोडलंय?

आधी सरकारच्या बाजूने हिशेब मांडते. शिक्षकाचा पगार सोयीसाठी महिना ६०,००० धरू. दोन शिक्षकांचे वर्षाला १४ लाख ४० हजार. साडेबारा मुलांत भागले तर मुलामागे १,१५,२००. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. म्हणजे साठाचा पट भरला तर तोच खर्च मुलामागे २४,००० होतो. फरक ९१,२००. लहान शाळा महाग असते हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही.

आता हे वाचलेले ९१ हजार शोधायला निघा. शाळा बंद झाली तरी ते दोन शिक्षक घरी जात नाहीत. ते अतिरिक्त ठरतात आणि त्यांचं समायोजन होतं. पगार चालूच राहतो, फक्त दुसऱ्या शाळेच्या नावावर पडतो. तिथे आधीपासून रिक्त पद असेल आणि यांच्यामुळे नवी भरती टळली, तरच बचत झाली. पण मग ती "शाळा बंद केल्याची" बचत की "भरती न केल्याची"? अंदाजपत्रकात दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट गाडीची. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असा नियम आहे. ती नसेल तर समग्र शिक्षा अभियानातून मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता मिळतो. आमच्याकडे वेल्ह्याच्या बाजूला बारा पोरांसाठी सकाळ-संध्याकाळ घाटरस्त्याने जायला महिना पंचवीस हजारांच्या खाली गाडी तयार होत नाही. दहा महिन्यांचे अडीच लाख, म्हणजे मुलामागे वीस हजारांच्या वर. वरचे चौदा-पंधरा हजार कोण देणार? आईबाप. आणि त्यांना ते झेपलं नाही तर मूल घरी बसणार. नाव मात्र पटावर राहणार, आणि दर विद्यार्थी खर्चाच्या रकान्यात ते घरी बसलेलं मूलसुद्धा "एक विद्यार्थी" म्हणून मोजलं जाणार. कारखान्यात मी असा हिशेब मंजूर करणार नाही. गेटबाहेर न गेलेला माल उत्पादनात धरून दर नग खर्च कमी दाखवला, तर ऑडिटमध्ये पहिला शेरा त्यावरच येतो.

आणि सगळ्यात मोठं राहिलं ते म्हणजे मूल शिकलं का? मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरात ग्रामीण भागातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना आला नाही. मग छेदात पट धरायचा की वाचू शकणारी मुलं? छेद बदलला की स्वस्त वाटणारी शाळा महाग निघू शकते आणि महाग वाटणारी स्वस्त.

शिक्षक, आरोग्य खात्यातले लोक, कंपन्यांत ट्रेनिंग बघणारे, सगळ्यांनी लिहावं. तुमच्याकडे खर्च कशाने भागतात?

---

खाडीपलीकडे

धागा महत्त्वाचा आहे, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

मी कोकणातला. आमच्या गावातून मुंबईला माणसं गेली ती गेली, गणपतीला आणि मे महिन्यात येतात. शाळेत आता सात मुलं. दुसरीत एकच मुलगी. तिच्याबरोबर पाढे म्हणायला, भांडायला, शर्यत लावायला तिच्या वयाचं कुणी नाही. शिक्षक चांगले आहेत, पण वर्षभर एकटीने वर्गात बसणं याला शिक्षण म्हणायचं का? कबड्डीला दोन संघ होत नाहीत. स्नेहसंमेलन म्हणजे सगळेच रंगमंचावर आणि समोर चार आया.

तुम्ही खर्चाच्या हिशेबात घरी बसलेलं मूल धरायला सांगता, ते बरोबरच आहे. मग एकटं बसलेलं मूलही धरा. मुलं मुलांकडून शिकतात. पन्नास मुलांच्या शाळेत विज्ञानाची पेटी येते, खेळाचं सामान येतं, इंग्रजीला वेगळा शिक्षक मिळू शकतो. सात मुलांच्या शाळेत यातलं काहीही येणार नाही, कितीही पैसे ओतले तरी.

माझं म्हणणं, एकत्र करा. पण गाडी आधी, कुलूप नंतर. गाडी जूनपासून जानेवारीपर्यंत नीट चालली, पावसातही चालली, मगच जुनी शाळा बंद करायचा विचार करा.

---

डोंगरगुरुजी

मी बहुवर्ग शाळेवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन शिक्षकांची शाळा म्हणजे पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी मॅडमकडे. कागदावर हे ठीक दिसतं. पण दोघं एकाच वेळी शाळेत असतील असे दिवस किती? एक जण केंद्राच्या शिक्षण परिषदेला, एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला. यू-डायसवर शाळेची माहिती भरायची, आधारच्या दुरुस्त्या करायच्या, पोषण आहाराची रोजची नोंद करायची. मग चारही वर्ग एका खोलीत. त्यामुळे "सहा मुलांमागे एक शिक्षक" हा सरासरीचा आकडा फळ्यासमोर कधी दिसतच नाही. ताई, तुमच्या हिशेबात आणखी एक ओळ घाला: शिक्षकाच्या पगारातला किती भाग प्रत्यक्ष शिकवण्यावर खर्च होतो? पगार देऊन माणूस नेमायचा आणि त्याला माहिती भरायला बसवायचं, याहून महाग काय असतं?

दुसरं असं की बहुवर्ग अध्यापन ही अडचणच आहे असं धरून चालू नका. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने शिकण्याची शिडी आणि कार्डं तयार केली. मूल आपल्या पायरीचं कार्ड घेतं, ते पूर्ण झालं की पुढच्या पायरीवर जातं. इयत्तेची भिंत राहत नाही. तमिळनाडूने पुढे त्या धर्तीवर सरकारी शाळांत काम केलं. आम्हाला डी.एड.ला मात्र सगळे पाठ एका वर्गाचे, एका तासाचे. चार इयत्ता एका खोलीत घेऊन कसं शिकवायचं याचा एकही पाठ नव्हता. आजवर मी जी प्रशिक्षणं केली त्यांतही हा विषय धावता येऊन गेला. ज्या राज्यात पंधरा हजारांच्या घरात अशा शाळा आहेत, तिथे शिक्षकांना हे शिकवायला जो खर्च येईल तो शाळा हलवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

खाडीपलीकडे यांच्या एकट्या मुलीबद्दल: आमच्याकडे दुसरीतली मुलगी चौथीच्या मुलाला वाचून दाखवते. त्याला अडलेला शब्द ती सांगते. अशी एकटी पडलेली मुलं इयत्तेच्या चौकटीमुळे एकटी पडतात. पण खेळाचं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

अनुस्वार

गुरुजी, तुमच्या "पायरी"ला आधार देणारा अभ्यास आपल्या मुंबईतच झालेला आहे, म्हणून इथे सांगतो.

'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत बालसखी कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन वाचन आणि आकडेमोड. २००१ ते २००३ या काळात त्याची रीतसर तपासणी झाली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा लेख २००७ मध्ये आला. (बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच पद्धतीच्या कामासाठी.)

बडोद्यात त्याच वेळी संगणकावर गणिताचे खेळ देऊनही पाहिलं. गणितात संगणकाचा फायदा बालसखीपेक्षा जास्त निघाला. पण खर्च मुलामागे वर्षाला १५ डॉलरच्या वर, आणि बालसखीचा सव्वादोन डॉलर. म्हणजे जवळजवळ पावणेसातपट. फायदा तेवढ्या पटीने जास्त नव्हता. नुसती परीक्षेची वाढ पाहिली असती तर संगणक जिंकला असता. नुसता खर्च पाहिला असता तर "काहीच करू नका" हा पर्याय जिंकला असता. दोन्ही एकत्र मांडल्यावर बालसखी पुढे आली.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पाहिलं तेव्हा फायदा बराच ओसरला होता, थोडाच टिकला होता. म्हणून एका वर्षाच्या यशावर दहा वर्षांची योजना उभी करू नये.

---

टॉर्करेंच

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनिंग बघतो. आमच्याकडे खर्च कशाने भागतात? मॅनडेजने. इतक्या माणसांना इतके दिवस ट्रेनिंग दिलं, दर मॅनडे खर्च इतका. ऑडिटर आला की हजेरीपट, फीडबॅक फॉर्म, फोटो. फीडबॅकमध्ये पाचपैकी साडेचार. जेवण चांगलं असलं की पावणेपाच. खरंच, जेवणाचा फरक पडतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्या होत्या. माणसाला ट्रेनिंग आवडलं का, तो शिकला का, कामाच्या जागी तसं वागतो का, आणि कामाच्या निकालात फरक पडला का. बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवरच बसकण मारतात.

आमच्या लाइनवरचं उदाहरण देतो. बोल्ट आवळताना टॉर्क रेंचचा "टक" आवाज आला की थांबायचं. नवीन पोरगा थांबत नाही, खात्री म्हणून अजून एक झटका देतो. त्याने बोल्ट ताणला जातो, वरून काही दिसत नाही, पण पुढे ग्राहकाकडे भाग सैल निघतो. यासाठी आधी बाहेरचे ट्रेनर बोलावून दोन दिवसांचा गुणवत्तेचा कोर्स होत असे. माणसं लाइनवरून दोन दिवस बाहेर, म्हणजे ट्रेनरच्या फीपेक्षा बुडालेलं उत्पादन जास्त, आणि ते ट्रेनिंगच्या खर्चात कुणी धरतच नव्हतं. मग आम्ही डोजोमध्ये, म्हणजे शॉपच्या कोपऱ्यातल्या सरावाच्या जागेत, एक ठोकळा ठेवला आणि त्याला डायल गेज लावला. शिफ्टच्या आधी पंधरा मिनिटं पोराने बोल्ट आवळायचा आणि आपण जास्तीचा झटका दिला की काटा किती पुढे गेला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. शिकवणारा लाइनवरचाच जुना ऑपरेटर.

रिजेक्शन उतरलं. पण त्याच महिन्यात भाग पकडून ठेवणारं नवीन फिक्श्चर पण आलं होतं. मग श्रेय कुणाचं? म्हणून दुसऱ्या प्लँटला एका लाइनवर आधी फक्त सराव सुरू केला, शेजारची लाइन तशीच ठेवली, आणि मग दोन्हीकडचं रिजेक्शन पाहिलं. अनुस्वार यांनी सांगितलेल्या तुलनेसारखंच हे, फक्त लहान प्रमाणावर. सरकारी योजनांत हे का होत नाही? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन मिळतं. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, आमच्या ओळखीतल्या दोघांना तिचा आधार झाला. पण वर्षानंतर किती जण पगारी कामावर आहेत आणि योजनेत न आलेल्या त्यांच्यासारख्यांपैकी किती जण आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले तरच योजना वाढवायची की बदलायची ते ठरवता येईल. "इतक्या लाखांनी नोंदणी केली" हा आमच्या मॅनडेजचा भाऊ.

---

ट्रेझरीकाका

लेखा खात्यातून निवृत्त झालो आहे. जमाखर्चताई, तुम्ही म्हणता ते आम्हाला नेहमी दिसायचं: एका शीर्षाखाली वाचलेला पैसा दुसऱ्या शीर्षाखाली किंवा लोकांच्या खिशातून जातो.

ताजं उदाहरण गणवेशाचं घ्या. आधी काय होतं? एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांचे ६००, पैसे शालेय व्यवस्थापन समितीकडे. समिती गावातल्या शिंप्याला बोलावायची, तो मापं घ्यायचा. मग २०२४ मध्ये "एक राज्य, एक गणवेश" आलं. कापड राज्य पातळीवर एकत्र खरेदी करायचं, शिलाई बचत गटांच्या बायकांकडून, एका गणवेशाला १०० रुपये शिलाई आणि १० रुपये इतर खर्च. हेतूत खोट नव्हती. मोठ्या खरेदीत मीटरमागे भाव कमी मिळतो हे व्यवहारज्ञान आहे आणि बायकांना काम मिळणार होतं.

पण कापड, मापं, शिलाई आणि वाटप या चार कड्यांपैकी एक जरी अडकली तरी सगळं थांबतं. १५ ऑगस्टला कित्येक शाळांत मुलं जुन्याच गणवेशात उभी होती. माझा नातू सहावीत. त्याला आलेली पँट घोट्याच्या वर. सुनेने शिंप्याकडून खाली पट्टी जोडून घेतली, त्याचे पैसे घरचे. असे किती घरांतून गेले ते कोणत्या लेखाशीर्षात येणार? डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समित्यांकडे गेली.

पाठ्यपुस्तकांतल्या कोऱ्या पानांचंही तसंच. दप्तराचं ओझं आणि वह्यांचा खर्च कमी व्हावा म्हणून २०२३-२४ पासून चार भागांची पुस्तकं आणि आत कोरी पानं. वापर होत नाही, मुलं वेगळ्या वह्या आणतातच, असं दिसल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णयही मागे घेतला. दोन्ही वेळा मला एकच प्रश्न पडला: एका जिल्ह्यात वर्षभर करून का पाहिलं नाही? एका तालुक्यात फसलेला प्रयोग स्वस्तात शिकवतो. राज्यभर फसलेला प्रयोग तेच शिकवतो आणि एक वर्ष पोरांचं जातं.

ऑडिटबद्दल पण बोलतो. आमची तपासणी पावतीची असे. तीन दरपत्रकं आहेत का, मोजमाप पुस्तिका आहे का, साठा नोंदवहीत नोंद आहे का. हे सगळं हवंच. पण वस्तू वेळेवर पोचली का आणि वापरली गेली का, हा रकानाच नसायचा. एका शाळेत कपाटात बंद ठेवलेला प्रोजेक्टर साठा नोंदवहीत अगदी व्यवस्थित होता. बिल, हमीपत्र, सही, शिक्का. शाळेचं वीजबिल थकलेलं, मीटर काढून नेलेला. आमच्या दृष्टीने आक्षेप शून्य.

---

वैनगंगा

मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करते, पूर्व विदर्भात. कमी खर्चात चांगलं काम म्हटलं की आमच्याकडे गडचिरोलीचं नाव घेतात, म्हणून लिहिते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर, त्या वेळचे साधारण दोनशे रुपये. आणि दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळत होता. पुढे देशभर आशांच्या कामात हे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये.

हे काम दिसतं कसं ते सांगते. बाळाचा श्वास मोजायचा तर बाळ शांत पाहिजे. रडत असेल, दूध पीत असेल तर आकडा चुकतो. मग आशा थांबते. आजी चहा टाकते, आशा नको म्हणते, कारण चहा घेतला की बोलण्यात वेळ जातो. बाळ निजलं की पोटावरचं दुपटं बाजूला करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. साठ किंवा वर आले तर परत मोजायचं. परत तेवढेच आले तर दवाखाना. अर्ध्या मिनिटाचं मोजून दुप्पट करायचं नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. भेट अर्ध्या तासाची होते ती यामुळे. घाईत तीच भेट पाच मिनिटांत होते आणि फॉर्म तसाच पूर्ण भरलेला असतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही भेटी सारख्याच दिसतात.

गडचिरोलीच्या त्या खर्चात देखरेख होती. कुणीतरी मागून येऊन बघत होतं, परत शिकवत होतं. सरकारी पद्धतीत प्रशिक्षण होतं, पण पैसे कमी पडले की पहिल्यांदा हे मागून येऊन बघणं कापलं जातं. थर्मामीटरचा सेल गेला तर तो महिनोन् महिने तसाच. सेल कितीचा येतो? पण तो नसला तर पूर्ण भेटीचा अर्धा उपयोग गेला.

आणि एक बोलायचंच आहे. हे सगळं "कमी खर्चात" होतं कारण ते काम बायका करतात आणि त्यांना पगार नाही, मोबदला देतात. बालसखीला त्या वेळी काय मिळत होतं? शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईला आत्ता महिन्याला २,५०० रुपये आहेत. ते २०२३ पर्यंत १,५०० होते. ती सकाळी चूल पेटवते, भांडी घासून दुपारी घरी जाते. तुम्ही लोक ज्याला कमी खर्चाचा यशस्वी कार्यक्रम म्हणता, त्याची बचत त्या बाईच्या घरातून येते. तो खर्चही हिशेबात धरा.

---

अनुस्वार

वैनगंगाताई, बालसखीला महिना ५०० ते ७५० रुपये मिळत होते. तुमचा मुद्दा पूर्ण मान्य.

---

जमाखर्च

वैनगंगाताई, तुमच्या प्रश्नाने मला पुन्हा आकडे काढायला बसवलं. आमच्या शास्त्रात याला उत्तर आहे: जिथे माणसाला रास्त मजुरी मिळत नाही, तिथे हिशेबात रास्त मजुरी धरायची आणि मग कार्यक्रम टिकतो का बघायचं. बालसखीचा सगळाच खर्च तिप्पट धरला, नुसता मेहनताना नाही, तरी मुलामागे पावणेसात डॉलर होतात. संगणकाच्या निम्म्याहूनही कमी. गडचिरोलीचं घ्या. अठरा बाळांचे ५.३ प्रमाणे ९५ डॉलर, म्हणजे एक जीव वाचवायला तेवढा खर्च. तिप्पट केला तरी २८६. एका बाळाचा जीव तेवढ्यात वाचत असेल तर कोणत्याही हिशेबाने हे काम करण्याजोगंच आहे. म्हणजे आशाला, बालसखीला, खिचडीवाल्या ताईला नीट पैसे दिले तर कार्यक्रम परवडेनासा होतो, हे म्हणणं आकड्यांवर टिकत नाही. कमी पैसे द्यायला हे कारण पुढे करू नये.

---

डोंगरगुरुजी

खिचडीचा विषय निघाला म्हणून. प्राथमिकला मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि शिजवायच्या सामानाला मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. त्यात डाळ, भाजी, तेल, इंधन सगळं. नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी २०२५ ला सरकारने त्याचे पैसे थांबवले. अंड्याच्या दिवशी आमच्याकडे कातकरी वस्तीवरची सगळी मुलं हजर असायची, हे मी हजेरीपटावरून सांगतो. समूह शाळेसाठी गाडी लावून मुलं आणायची योजना करता, आणि मुलं आपल्या पायाने येत होती ती गोष्ट बंद करता. खर्च म्हणून अंडं दिसतं, हजेरी वाढवायचा उपाय म्हणून दिसत नाही.

---

खाडीपलीकडे

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सात मुलांची शाळा मुलांसाठी चांगली नाही असं मला अजून वाटतं. पण ट्रेझरीकाकांचं "एका तालुक्यात करून बघा" पटलं. आणि गुरुजींचं ऐकून एक सुचतं. जवळच्या तीन-चार वाड्यांच्या शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र यायचं. खेळ, प्रयोग, गोष्टी त्या दिवशी. गाडी आठवड्यातून एकदाच. शाळा जागच्या जागी राहतात आणि त्या मुलीला आठवड्याला एकदा तरी बरोबरीच्या मैत्रिणी मिळतात. ताई, याचा खर्च किती येईल?

---

जमाखर्च

बारा मुलांच्या वाडीचा काढते. रोजची गाडी महिना पंचवीस हजार, सव्वीस दिवस धरले तर दिवसाला साडेनऊशेच्या आसपास. आठवड्यातून एकदाच गाडी मागितली तर भाव जास्त लागेल, दीड हजार धरू. वर्षात असे पस्तीस दिवस धरले तर साडेबावन्न हजार. मुलामागे ४,३७५. सहा हजारांच्या भत्त्याच्या आत बसतं. फक्त तो भत्ता शाळा नसलेल्या वस्तीसाठी आहे, शाळा असलेल्या वस्तीला एक दिवसासाठी मिळत नाही. ही परवानगी मिळवावी लागेल.

आमच्या वाडीच्या व्यवस्थापन समितीची बैठक आहे, तिथे हे मांडणार आहे. गुरुजी, एकाच दिवशी दोन्ही शिक्षक प्रत्यक्ष वर्गात होते असे दिवस तुमच्या हजेरीपटावरून मागच्या वर्षाचे काढता येतील का? नावगाव नको, फक्त महिनावार आकडे. तो रकाना मला तक्त्यात हवा आहे.

---

डोंगरगुरुजी

काढतो. हालचाल रजिस्टरमध्ये कोण कधी, कशासाठी बाहेर गेलं ते असतं. प्रशिक्षण, निवडणूक आणि माहिती भरायला तालुक्याला गेलेले दिवस वेगवेगळे करून देतो. नाहीतर सगळंच "रजा" म्हणून दिसेल.